कटनंतर

"कट म्हटलं तरी कॅमेरा बंद करायचा नाही," तिनं जिन्यातच लंबूला बजावलं. "आणि त्या लाल दिव्यावर काळी पट्टी लाव. बाबांना दिवा कळतो."

लंबूनं खांद्यावरची पिशवी भिंतीला टेकवली आणि खिशातून पट्टीचं रीळ काढलं. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. हात स्थिर, तोंड बंद. शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी तिनं त्याला कॅमेऱ्यावर घेतलं ते याच दोन गुणांवर. त्याच्या मागं, एक पायरी खाली, कानसेन उभा होता. ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या या मुलाला हे नाव पहिल्याच वर्षी चिकटलं, कारण शेजारच्या खोलीत कोण कोणाची उणीदुणी काढतंय ते त्याला भिंतीतून ऐकू येई.

"म्हणजे आज सीन घ्यायचाच नाहीये?" कानसेननं विचारलं.

"घ्यायचाय. पण मला सीन नकोय. सीन संपल्यावरचं हवंय."

"बाबांना सांगितलंयस?"

तिनं बेल दाबली.

"कोण आहे?" आतून आवाज आला, आणि तो खालच्या दोन्ही मजल्यांनाही ऐकू गेला असणार. दार उघडलं. बाबा काळा कोट चढवून, केस चापून, तयार होऊन उभे होते. कोट तळमजल्यावरच्या वकिलांकडून मागून आणलेला. बाह्या बोटभर आखूड.

"या मंडळी, या! न्यायालय कधीचं खोळंबलंय!"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हळू बोला. समोरच्यांचं बाळ आत्ताच झोपलंय."

"मी हळूच बोलतोय," बाबा म्हणाले. समोरच्या घरात बाळ रडायला लागलं.

बाबा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीत बसत. नळाला पाणी नाही म्हणून तणतणत आलेल्या माणसाला ते "आपली तक्रार नोंदवून घेण्यात आलेली आहे" असं काही सांगत, की त्याला पाणी मिळालं नाही तरी न्याय मिळाल्यासारखं वाटे. कार्यालयाचं एक हौशी नाट्यमंडळ होतं आणि त्यात बाबा लढाई हरलेले सेनापती, मुलांनी टाकलेले बाप आणि नाना प्रकारचे न्यायाधीश करत. एका वर्षी त्यांच्या वाट्याला प्रेत आलं, तर त्यांचा श्वासोच्छ्वास शेवटच्या रांगेत ऐकू आला, असं मंडळातले लोक अजून सांगत. पुढं मंडळ बंद पडलं. नाटक गेलं, आवाज तेवढा घरात उरला. मीठ मागितलं तरी वाटे, कुणाला तरी सुळावर चढवायचा हुकूम सुटला.

लेक बारावी झाली आणि म्हणाली, मला विद्यापीठात नाटक आणि सिनेमा शिकायचाय. आई म्हणाली, "त्याला विद्यापीठ कशाला? घरात काय कमी चालतं?" त्यावर आठवडाभर घरात धुमश्चक्री झाली आणि बाबा एकटे तिच्या बाजूनं लढले. आयुष्यात जिंकलेली त्यांची ती एकमेव लढाई. चार वर्षं तिच्याइतकंच तेही शिकले म्हणायला हरकत नाही. ती जेवताना जे सांगेल ते ऐकत, दुसऱ्या दिवशी खिडकीत शेजारच्या कारकुनाला ऐकवत. शेवटच्या वर्षी तिनं सहज विचारलं, "बाबा, माझ्या फिल्ममध्ये काम कराल?" तेव्हा ते हातातला तांब्या खाली ठेवायला विसरले.

"मी?" ते म्हणाले. तो 'मी' मात्र कुणाला ऐकू गेला नसेल.

गोष्ट साधी होती. एक न्यायाधीश फाशीची शिक्षा सुनावून घरी येतो, जेवायला बसतो आणि घास तोंडात घालू शकत नाही. एकच वाक्य होतं: "आज मी एका माणसाला मरायला सांगून आलो." पहिल्या दोन दिवसांत ते वाक्य बाबांनी गरजून म्हटलं, गहिवरून म्हटलं, टेबलावर मूठ आपटून म्हटलं, आणि एकदा तर म्हणता म्हणता उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे राहून म्हटलं. लंबूचा कॅमेरा त्यांच्यामागून धावता धावता भिंतीवर आदळला.

संकलन शिकवणाऱ्या मॅडमनी ते सगळं अंधाऱ्या खोलीत शांतपणे पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "न्यायाधीश कचऱ्यात टाक."

तिला कळून चुकलंच होतं.

"पण हा कोण आहे?" मॅडमनी एका जागी चित्र थांबवलं. कट म्हटल्यावर लंबूला कॅमेरा बंद करायला जरा उशीर झाला होता. त्या निसटत्या वेळात पडद्यावर बाबांचा न्यायाधीश गळून पडला होता आणि एक म्हातारा होऊ घातलेला माणूस भुवया उंचावून कॅमेऱ्यामागं कुणाकडं तरी बघत होता. "चांगलं झालं का?" तो विचारत होता.

"बाबा आहेत माझे."

"बाबा घरी. इथं ही तुझी फिल्म आहे. वाईट नट आणि त्याला चांगलं म्हणवून घ्यायची भूक. लोक पोट धरून हसतील आणि मग त्यांना हसल्याची लाज वाटेल. जा, आणखी एक दिवस शूट कर. दमव त्यांना." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "दया आली की कात्री बोथट होते, एवढं लक्षात ठेव."

ती तीन दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून राहिली. चौथ्या दिवशी घरी म्हणाली, "बाबा, एक दिवस आणखी लागेल. थोडं राहिलंय."

"थोडं कशाला, लागेल तेवढं घे," बाबा म्हणाले. त्यांनी कार्यालयात रजा टाकली.

तर आज तो दिवस होता. जेवणाच्या टेबलावर एक ताट, एक वाटी, एक पेला. बाबा बसले. कानसेननं त्यांच्या कोटाच्या आत छोटा माइक लावला आणि वायर बरगडीवरून खाली सोडताना त्यांना गुदगुल्या झाल्या, तेव्हा ते खुदखुदून हसले. कानसेननं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"ॲक्शन."

"आज मी एका माणसाला," बाबा म्हणाले, आणि पेल्यातलं पाणी थरथरलं, "मरायला सांगून आलो!"

"कट."

भुवया वर गेल्या. "चांगलं झालं का?"

"पुन्हा," ती म्हणाली.

चांगल्या दिग्दर्शकानं नटाला काय सांगावं, हे ती चार वर्षं शिकली होती. म्हणून काय सांगितलं की नटाचा पार गोंधळ उडतो, तेही तिला ठाऊक होतं. "लहान करा, बाबा." मग, "एवढं लहान नको." मग, "डोळ्यांनी करा." मग, "डोळे काहीच करू नका." मग, "मघाशी केलंत ना, तसं." कुठलं मघाशी, हे बाबांनी विचारलं नाही. न विचारता त्यांनी मान डोलावली, समजल्यासारखी. दर कटनंतर तोच प्रश्न, फक्त दर वेळी आवाज थोडा बसलेला. पुढं पुढं प्रश्नही विचारेनात. नुसत्या भुवया वर जात.

दुपार कलली. आई दारात येऊन उभी राहिली. "अगं, दोन घास खाऊ दे त्यांना. समोर ताट ठेवून उपाशी बसवलंयस माणसाला."

"आई, तू फ्रेममध्ये येतेयस."

"येऊ दे. घर माझं आहे."

"तू आत जा बरं," बाबा आईला म्हणाले. "तिचं काम चाललंय."

तो सगळा तुकडा लंबूनं घेतला. त्याला काही सांगावं लागलं नाही.

त्यानंतरच्या खेपेला बाबा वाक्यच विसरले. मग अर्ध्यात अडखळले. मग नुसते बसून राहिले, ताटाकडं बघत. ती "पुन्हा" म्हणाली, तेव्हा ते उठले आणि "आलोच, तोंड धुऊन येतो" म्हणत मागच्या गॅलरीत गेले.

तिनं लंबूला खूण केली. गॅलरीचं दार तिनं जाताना मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं.

बाबा नळाशी ओणवे झाले होते. पाणी मारून वर झाले, कोटाच्या बाहीनं तोंड पुसायला गेले, कोट दुसऱ्याचा आहे हे आठवून थांबले. चेहऱ्यावरून पाणी निथळत राहिलं.

"जमत नाही गं मला," ते म्हणाले.

इतका लहान आवाज तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते भिंतीच्या सावलीत उभे होते. तिथून चेहरा नीट दिसणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं त्यांच्या कोपराला धरलं, हलकेच उजेडाकडं वळवलं, दाराच्या फटीसमोर आणलं. बाबांना वाटलं, लेकीनं जवळ घेतलं. त्यांनी तिच्या हातावर आपला ओला हात ठेवला.

"खरं सांगू? तेव्हाही जमत नव्हतं. टाळ्या वाजवायचे ते आपल्याच खात्यातले लोक. मला कळायचं. पण सोडवत नव्हतं." ते थांबले. "तू दुसऱ्या कुणाला घे. माझ्यापायी तुझं वर्ष वाया नको जायला."

"असं काही नाही, बाबा," ती म्हणाली. आणि मग, कारण मध्येच एक स्कूटर वाजत गेली होती आणि शेवटचं वाक्य त्या आवाजाखाली दबलं असणार होतं, तिनं विचारलं, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"माझ्यापायी तुझं वर्ष वाया नको जायला," बाबा पुन्हा म्हणाले.

ती खोलीत परतली तेव्हा कानसेननं कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते.

"बंद केलंस?" तिनं दचकून विचारलं.

"चालू आहे. मी फक्त ऐकत नाहीये."

संकलनाला महिना गेला. दर आठवड्याला बाबा विचारत, "कुठवर आलाय आपला न्यायाधीश?" आणि ती म्हणे, "येतोय." एकदा कानसेन संकलनाच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "त्यांना आधी एकदा दाखव. एकट्याला. एवढं कर." तिनं मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "दाखवलंस की रडतील, रडले की तू कापशील. आधी पूर्ण होऊ दे." फिल्म पूर्ण झाली. नाव ठेवलं 'पुन्हा'. ज्या दिवशी झाली, त्या दिवशी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहताना तिला स्वतःलाच रडू आलं, आणि त्या रडण्यात आनंद किती होता हे तिनं मोजायचं टाळलं. फिल्म खरोखरच चांगली झाली होती.

विद्यापीठाचं छोटं सभागृह खच्चून भरलं होतं. त्या वर्षी पाहुणे म्हणून एक नावाजलेले दिग्दर्शक आले होते आणि पुढच्या चित्रपटासाठी ते याच वर्गातून एक सहायक उचलणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सुरुवातीलाच ते म्हणाले होते, "लिहिणारे मला ढिगानं मिळतात. मला बघणारं माणूस हवंय." ते ऐकताना मॅडमनी मागं वळून तिच्याकडं पाहिलं होतं.

बाबा चौथ्या रांगेत. कडक इस्त्रीचा शर्ट. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कार्यालयातले पाच-सहा जण, आणि अगदी लगत प्रॉम्प्टर काका. मंडळाच्या प्रत्येक नाटकात विंगेत बसून बाबांना वाक्यं पुरवणारे ते हे काका. बाबांनी सगळ्यांना तोंडी आमंत्रण केलं होतं. "छोटंच काम आहे," असं म्हणून, पण तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

अंधार झाला. पडद्यावर बाबा आले आणि गरजले, "आज मी एका माणसाला मरायला सांगून आलो!" तिचा आवाज आला, कट. भुवया वर गेल्या. "चांगलं झालं का?"

सभागृहात पहिला हशा फुटला.

ती बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती. पडद्याकडं तिला बघायचं नव्हतं, तो पाठ होता. चौथ्या रांगेकडं बघायचं नव्हतं, तरी नजर जात होती. दर भुवईला हशा वाढत होता. मूठ आपटली, हशा. खिडकीपाशी गेले, हशा आणि शिट्टी. कार्यालयातली मंडळी आधी हसली, मग एकमेकांकडं बघून थांबली, मग हसावं की नाही या पेचात बसून राहिली. प्रॉम्प्टर काकांनी हाताची घडी घातली. आई ताठ. आणि बाबा? पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. ते अगदी लक्षपूर्वक बघत होते, एखादी अवघड तक्रार ऐकून घ्यावी तसे.

मग गॅलरी आली. मग उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आला. "टाळ्या वाजवायचे ते आपल्याच खात्यातले लोक," पडद्यावरचे बाबा म्हणाले, आणि चौथ्या रांगेत कुणीतरी खाकरलं. "माझ्यापायी तुझं वर्ष वाया नको जायला."

काळा पडदा. आणि मग टाळ्या, अशा टाळ्या की त्या भिंतीतून तिच्या पाठीत शिरल्या.

पाहुणे स्वतः उठून मंचावर गेले. त्यांनी तिला बोलावलं, आणि मग डोळ्यांवर हात आडवा धरून म्हणाले, "आणि ते? ते आलेत का?"

सगळ्या माना वळल्या. बाबा उठले. आईनं त्यांच्या शर्टाची बाही धरली, ती त्यांनी हळूच सोडवून घेतली. पायऱ्या चढून ते वर आले. पाहुण्यांनी त्यांच्या हातात माइक दिला. तिला वाटलं, आता हे गरजणार. नाहीतर रडणार. काय वाईट, तेही तिला ठरवता येईना.

बाबांनी माइक तोंडापासून जरा लांब धरला.

"काम अवघड होतं," ते म्हणाले. आवाज साधा होता. चढ नाही, उतार नाही. "चांगला नट करणं सोपं असतं हो, मी पुष्कळ वर्षं केलाय. आमची मंडळी बसलीत तिथं, विचारा त्यांना. पण ही म्हणाली, बाबा, तुम्हाला वाईट नट करायचाय. मी म्हटलं, पोरी, म्हातारपणी का छळतेस? तीन दिवस तेच. कुठं चुकायचं, किती चुकायचं. शेवटचं ते गॅलरीतलं तर पाठच होत नव्हतं मला." ते किंचित हसले. "खात्यातल्या लोकांनी राग मानू नये. लिहिणारीनं लिहिलं, मी म्हटलं."

मग चौथ्या रांगेत प्रॉम्प्टर काका उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. कार्यालयातली सगळी मंडळी उठली. त्यांच्या चेहऱ्यांवरून ओझं उतरलेलं तिला वरून दिसलं.

ती बापाकडं बघत राहिली. चार वर्षांत तिनं अभिनयाबद्दल जे काही ऐकलं होतं, ते सगळं तिच्या पुढ्यात उभं होतं. श्वास जागच्या जागी. हात मोकळे. शब्द आत्ताच सुचल्यासारखे. त्या माणसानं इतकं चांगलं काम कधीच केलं नव्हतं.

"म्हणजे हे सगळं लिहिलेलं होतं?" पाहुण्यांनी तिच्याकडं वळून विचारलं. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली होती.

पहिल्या रांगेत मॅडम पुढं झुकल्या. "सांग ना," त्या म्हणाल्या. "कसं केलंस ते सांग."

बाबा तिच्याकडं बघत नव्हते. ते समोर, लोकांकडं बघत होते. एका 'हो'चं काम होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही, सर," ती म्हणाली. "लिहिलेलं काहीच नव्हतं. बाबांना माहीत नव्हतं कॅमेरा चालू आहे. ते गॅलरीतलं... ते खरं आहे. मी त्यांना उजेडात आणलं फक्त."

प्रॉम्प्टर काका अजून उभे होते; ते खाली बसले. आईनं मान वळवली आणि ती दाराकडं बघायला लागली.

बाबा गप्प राहिले. किती वेळ, ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. जेवढा वेळ राहायला हवं होतं, बरोबर तेवढा. मग त्यांनी माइक वर केला.

"हे वाक्य चांगलं घेतलंस आज," ते तिला कौतुकानं म्हणाले. आणि पाहुण्यांकडं वळून, "तालमीत इथं अडखळायची."

हास्याचा लोट आला. पाठोपाठ टाळ्या. पाहुणेही हसले, त्यांची आठी मोडली.

"बाबा, नाही... सर, मी खरंच सांगतेय..."

"पुरे आता. किती ताणायचं?" बाबा मायेनं म्हणाले, आणि लोक पुन्हा हसले. ती जे जे म्हणत गेली त्याला हशा मिळत गेला. शेवटी तिचे डोळे भरून आले, तर मागच्या रांगेतून कुणीतरी "वा!" म्हणालं.

चहाच्या वेळी पाहुणे तिच्यापाशी आले. "बापलेकींनी चांगलंच फसवलंत. तुम्ही उत्तम लिहिता. लिहीत राहा." सहायक म्हणून त्यांनी दुसऱ्याच एका मुलीला घेतलं, जिनं माशांच्या बाजारावर दहा मिनिटांची मुकी फिल्म केली होती. जाताना मात्र ते बाबांना शोधत गेले, त्यांचा फोन नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून घेतला.

मॅडम जाता जाता तिच्याजवळ क्षणभर थांबल्या. "कात्री तुझ्या हातात होती ना?" एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरी जाताना टॅक्सीत आई मध्ये बसली. एका वळणावर बाबांनी वाकून विचारलं, "काच वर करू का? वारा लागतोय का तुला?"

"नको," ती म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले.

पावसाळा संपता संपता बाबांना पाहुण्यांच्या चित्रपटात दोन दृश्यांचं काम मिळालं. मग विभागातली धाकट्या वर्गातली मुलं घरी येऊ लागली. काका, आमच्या फिल्ममध्ये कराल का? काकांनी सगळ्यांची कामं केली. त्यांच्या अभिनयात कसा अभिनयच दिसत नाही, यावर एका शिक्षकांनी वर्गात अख्खा तास घेतला. प्रमाणपत्र न्यायला आलेली ती तेव्हा मागच्या बाकावर होती.

तिनं माफी मागितली नाही असं नाही. एका सकाळी बाबा खिडकीपाशी दाढी करत होते. ती मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माझं चुकलं."

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. टॉवेलनं गाल पुसले. तिच्याकडं वळले, तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्यांचे डोळे पाणावले. "वेडी आहेस का?" ते म्हणाले. "मुलांच्या हातून होतंच. मी कधीच विसरलो ते." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजन होतं, ऊब होती. ती रडली. रडता रडता, चार वर्षांच्या सवयीनं, तिनं त्यांच्या चेहऱ्यावर खऱ्या-खोट्याचा जोड कुठं दिसतो का ते शोधलं. जोड नव्हता. असेलच तर तिला दिसेल असा नव्हता.

पुढं तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका स्टुडिओत संकलनाचं काम मिळालं. लग्नाच्या चित्रफिती, जाहिराती, असलं काही. जवळच तिनं खोली घेतली. रविवारी घरी जाई. बाबा दार उघडत, तिचं काम विचारत, सांगितलेलं नीट ऐकत, मधूनमधून योग्य तिथं हसत. निघताना जिन्यापर्यंत सोडायला येत. एका शब्दानं कधी दुखावलं नाही.

एका रविवारी स्टुडिओतली वीज गेली आणि ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. पहिल्या मजल्यावरच तिच्या कानावर आवाज पडला.

"कोथिंबीर? मी काय कोथिंबिरीचा घाऊक व्यापारी आहे?"

"एक काडी आणायला सांगितली होती," आईचा आवाज. "एक काडी!"

"सांगितली असशील भिंतीला! या घरात मला कोणी काही सांगतच नाही!"

"सांगून उपयोग काय? कानात स्वतःचाच आवाज भरलेला!"

"हा आवाज होता म्हणून खात्यात आम्हाला लोक ओळखायचे, बाईसाहेब!"

समोरच्या घरातलं मूल, आता चांगलं चालायला लागलेलं, दाराच्या जाळीला नाक लावून हा तमाशा ऐकत होतं. तिला बघून ते हसलं. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. आत भांडं आदळलं. बाबा गरजले, आईनं त्याच्या वर आवाज चढवला, मग दोघांपैकी कुणालातरी हसू फुटलं आणि दुसऱ्यानं "हसू नकोस" म्हणून दम भरला. भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ती भिंतीला खांदा टेकून ऐकत राहिली. बराच वेळ. पायाला मुंग्या आल्या तेव्हा तिनं पुढं होऊन बेल दाबली.

आत एकदम शांत झालं.

पावलं आली. दार उघडलं.

"अरे वा, आज लवकर?" बाबा म्हणाले. आवाज मऊ, डोळ्यांत आनंद. "ये ना, ये. बस. दमली असशील." त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली, पंखा लावला, आणि स्वयंपाकघराकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, पाणी दे तिला."